कोणता रंग अंगाला खुलतो? घरच्या घरी करायची पारख

दादरला हिंदमाताच्या कुठल्याही साडीच्या दुकानात गादीवर टेकलं की पाच मिनिटांत ऐकू येतं, "ताई, तुमच्या रंगाला हे एकदम उठून दिसेल." दुकानदाराने 'तुमचा रंग' म्हणून पाहिलेलं असतं ते एवढंच: गोरा, गहूवर्णी की सावळा. घरातली मोठी माणसंही याच एका मापाने बोलतात. सावळीने गडद घालू नये, गोरीला काहीही चालतं, काळ्या कपड्यात माणूस आणखी काळा दिसतो. यातलं जवळजवळ काहीच पारखायला गेलं तर टिकत नाही. सावळ्या अंगावर गडद डाळिंबी झळकतो, आणि गोऱ्यापान माणसाला फिकट बदामी कुडता घातला की तो तापातून उठल्यासारखा दिसतो. कुठल्याही लग्नाच्या हॉलमध्ये दहा मिनिटं बसून पाहा.

"मला लाल शोभत नाही" हे वाक्यही बहुतेक वेळा अर्धवट असतं. कुठला लाल? शेंदरी, विटकरी, टोमॅटोसारखा, डाळिंबी, मरून, हे सगळे लालच, आणि यातला एखादा तरी तुम्हाला शोभतोच. शोधायची असते ती त्या रंगातली आपली छटा. रंगच्या रंग बाद करायचं काही कारण नाही.

त्यासाठी तीन गोष्टी बघायच्या. पहिली झाक. त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे ठरतो, पण त्याखालून रक्ताचा लालसरपणा आणि कॅरोटीनचा पिवळेपणा डोकावत असतो. हे प्रमाण माणसागणिक वेगळं. म्हणून दोन सख्ख्या बहिणी सारख्याच सावळ्या असल्या, तरी एकीच्या चेहऱ्यात सोनेरी-पिवळसर झाक असते आणि दुसरीच्या तांबूस-जांभळट. पहिलीला ऊबदार म्हणू, दुसरीला थंड. तिसराही एक गट आपल्याकडे मोठा आहे: गव्हाळ रंगात किंचित हिरवट झाक असलेली माणसं. स्वतःचा फोटो पाहून "मी अशी पिवळी का दिसते" म्हणणारी बरीच मंडळी यातली.

दुसरी गोष्ट गडदपणा, म्हणजे त्वचा किती उजळ आणि केस-डोळ्यांशी तिचा फरक किती. तिसरी चोखपणा: तुमच्या चेहऱ्याला झळझळीत, चोख रंग पेलतो की दबका, किंचित राखट मिसळलेला रंग बरा दिसतो. आल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुठलाही रंग नेमका सांगण्यासाठी जी तीन मापं ठरवली, ती साधारण हीच. कपड्याचा रंग आणि चेहऱ्याचा रंग एकाच मापाने मोजता आले की जुळणी सोपी होते.

इंटरनेटवर वसंत, ग्रीष्म, शरद, शिशिर अशी 'ऋतूं'ची पद्धत सापडेल. ती सोनेरीपासून काळ्यापर्यंत केस आणि निळ्यापासून तपकिरीपर्यंत डोळे असलेल्या समाजात तयार झाली. आपल्याकडे जवळपास सगळ्यांचे केस काळे आणि डोळे गडद, त्यामुळे सगळे शरद किंवा शिशिर याच दोन खणांत जाऊन पडतात आणि हाती काही लागत नाही. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या, हेही फारसं कामाचं नाही. सावळ्या त्वचेत शिरा नीट दिसतच नाहीत, आणि गव्हाळ त्वचेत एकाच हातावर दोन्ही रंगांच्या सापडतात.

कपडा चेहऱ्यावर नेमकं करतो काय

दोन गोष्टी करतो, आणि त्या एकमेकींच्या उलट ओढतात.

एक म्हणजे परावर्तन. गळ्याशी असलेला कपडा आपला रंग हनुवटीखाली, जबड्याच्या कडेला आणि नाकाच्या खालच्या बाजूला टाकतो. कपडा जितका फिकट, चकचकीत आणि उजेडातला, तितकं हे जास्त. पोपटी सॅटिनचा ब्लाउज घालून भर उजेडात उभ्या राहिलेल्या बाईची हनुवटी खरोखर हिरवट दिसते. गडद सुती कपड्यात हा परिणाम जवळजवळ नसतो, कारण तो उजेड परत फेकतच नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यात घडते. शेजारच्या रंगाच्या विरुद्ध रंगाचा भास डोळा चेहऱ्यावर चढवतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल १८२४ मध्ये पॅरिसच्या गोब्लँ या सरकारी विणकामाच्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तेव्हा विणकरांची तक्रार होती की काळं सूत फिकं पडतंय. त्याने तपासलं, तर सुताच्या रंगाईत खोट नव्हती. शेजारी निळं-जांभळं सूत विणल्यामुळे काळा दुबळा दिसत होता. त्यातून निघालेला नियम त्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि गळ्याशी असलेल्या कपड्यालाही तोच लागू आहे. गडद बाटली हिरव्यात चेहरा किंचित लालसर, तजेलदार दिसतो तो यामुळे. शुभ्र पांढऱ्याशेजारी दात आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट वाटतो तोही यामुळेच.

म्हणून हिरवा हिरव्यासारखा वागत नाही. फिकट चकचकीत हिरवा चेहरा हिरवट करतो, गडद सुती हिरवा उलट गालांवर लाली आणतो. कापडाचा पोत बघितल्याशिवाय रंगाबद्दल मत देऊ नये.

पारखायची तयारी

वेळ सकाळी नऊ ते अकरा. खिडकीपाशी बसायचं, तोंड खिडकीकडे, पण अंगावर थेट ऊन नको. उत्तरेची खिडकी असेल तर उत्तम. ढगाळ दिवस चालतो, पाऊस कोसळत असेल तर नको. घरातले सगळे दिवे बंद. पिवळा दिवा साधारण २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) असतो, आपल्या घरांतला पांढरा एलईडी बहुधा ६५०० चा. पहिल्यात सगळेच ऊबदार दिसतात, दुसऱ्यात सगळेच आजारी. मुंबईत आणखी एक अडचण असते: समोरची इमारत. तिची भिंत गुलाबी किंवा पिवळी असेल तर खिडकीतून येणारा उजेडही त्या रंगाचा असतो. एक पांढरा कागद खिडकीत धरून बघा. तो रंगीत वाटला तर दुसरी खिडकी, नाहीतर गच्ची किंवा जिन्यातली सावली गाठा.

चेहरा साध्या पाण्याने धुऊन वीस मिनिटं थांबा, कारण चोळल्याची लाली तेवढा वेळ राहते. काजळ, पावडर, लिपस्टिक काही नको. टिकली किंवा कुंकूही तेवढ्यापुरतं काढा. तो लाल ठिपका बरोबर कपाळाच्या मध्यावर असतो आणि नजर तिथेच जाते. हळद-बेसन लावलं असेल तर दोन दिवस थांबलेलं बरं, हळदीचा पिवळेपणा धुण्याने लगेच जात नाही. केसांना मेंदी किंवा रंग असेल तर ते पांढऱ्या टॉवेलात बांधून टाका. रंगीत फ्रेमचा चष्मा काढा, आणि मग स्वतःला दिसत नसेल तर बघायला दुसरं माणूस बसवा. तसंही दुसरं माणूस हवंच. वर्षानुवर्षांच्या आवडीनिवडी आड येतात, त्यामुळे आपला चेहरा आपल्याला नीट दिसत नाही. खांद्यांवर पांढरा किंवा राखाडी टॉवेल टाका, म्हणजे अंगातल्या कपड्याचा रंग मध्ये येणार नाही.

आता कापड. त्यासाठी खर्च करायची गरज बहुधा पडत नाही. ओटीत आणि हळदीकुंकवाला आलेल्या ब्लाउजपीसांचा गठ्ठा प्रत्येक कपाटात असतो. सुती, बिनचमकीचे, बिनबुट्ट्याचे तुकडे निवडा. सॅटिन आणि आर्ट सिल्क बाजूला ठेवा, त्यांची चमकच चेहऱ्यावर नाचते. रंग कमी पडले तर मॅचिंग सेंटरमधून टू बाय टू रुबियाचे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे घ्या. लागतात ते जोडीने: शुभ्र पांढरा आणि कोरा (म्हणजे पिवळसर पांढरा), राणी आणि गाजरी, डाळिंबी आणि शेंदरी, बाटली हिरवा आणि मेंदी. पांढऱ्याला नीळ दिलेली असली तर हरकत नाही, उलट बरं. निळसर पांढरा हवाच आहे, कारण कोऱ्याशी त्याचा फरक ठळक दिसतो.

झाक ओळखणं

शुभ्र पांढऱ्यापासून सुरुवात करा. तुकडा हनुवटीखाली दोन्ही खांद्यांवर पसरा, गळ्याला घट्ट टेकवून. कपड्याकडे बघायचं नाही. नजर ठेवायची चार ठिकाणी: डोळ्यांखाली, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी, जबड्याची कड, आणि हनुवटीखालची सावली. पाच सेकंद. लगेच तो काढून कोरा टाका. पुन्हा पाच सेकंद. तीन-चार वेळा आलटून पालटून करा. जास्त वेळ एकच रंग ठेवला तर डोळा त्याला सरावतो आणि फरक विरतो. मधूनमधून राखाडी टॉवेलकडे बघून डोळ्याला विसावा द्या.

बघणाऱ्याने काय टिपायचं? ऊबदार झाकेच्या चेहऱ्यावर शुभ्र पांढरा आला की डोळ्यांखालची वर्तुळं एकदम काळी होतात, दात पिवळे वाटतात आणि ओठांचा रंग उडतो. कोरा टाकला की वर्तुळं मागे सरतात आणि जबड्याची कड मऊ होते. थंड झाकेचं उलट. कोऱ्यात चेहरा झोप न झालेला, पिवळट दिसतो आणि पांढऱ्यात स्वच्छ. दोन्हींत फारसा फरक पडला नाही तर तुम्ही मधल्या गटातले, आणि तुमचा निकाल पुढच्या जोड्यांवर.

दुसरी जोडी राणी आणि गाजरी. दोन्ही गुलाबीच, पण राणीत निळा मिसळलेला असतो आणि गाजरीत पिवळा. सगळ्यात बोलकी जोडी हीच. मग डाळिंबी-शेंदरी, मग बाटली हिरवा-मेंदी. मेंदी किंवा मोहरी रंगात चेहरा हिरवट-पिवळा, लिव्हरचा त्रास असल्यासारखा दिसला, पण कोऱ्याने काही बिघडलं नसेल, तर तुमची झाक ती हिरवट गव्हाळ. अशांनी पिवळा आणि हिरवा यांच्या मधला पट्टा, म्हणजे मोहरी, मेंदी, शेवाळी, खाकी, गळ्यापासून दूर ठेवावा. बाकी बरंच चालतं. मोरपंखी, आमसुली, डाळिंबी आणि गडद जांभळा हे रंग या वर्णावर फार खुलतात.

चारपैकी तीन जोड्यांनी एकच कौल दिला तर तो धरा. दोन-दोन झालं तर निकाल 'मधला', आणि यात काही कमीपणा नाही. उलट निवडीला वाव जास्त.

सोनं शोभतं की चांदी, ही परीक्षाही सांगतात. ती चुकीची नाही, पण आपल्या घरांत सोन्याबद्दल तटस्थपणे बोलणारं माणूस मिळत नाही. करायचीच असेल तर स्वयंपाकघरातल्या फॉइलचा तुकडा आणि चॉकलेटचा सोनेरी कागद गळ्याशी धरून करा.

मोबाइलवर फोटो काढून ठरवायचं असेल तर ब्यूटी मोड बंद करा, प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर एकदा लावून तसंच ठेवा, आणि प्रत्येक फोटोत पांढरा कागद येऊ द्या. हे न करता काढलेले फोटो निरुपयोगी. कॅमेरा समोर राणी रंग दिसला की आपणहून बाकीचं हिरवट करतो, आणि तुम्ही समजता की चेहरा हिरवा पडला.

गडदपणा आणि चोखपणा

यासाठी मात्र मोबाइल फार कामाचा. कपडा गळ्याशी धरून फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. आता रंग गेला, फक्त उजळ-गडद उरलं. कपडा आणि गाल यांची राखाडी छटा एकच दिसत असेल, म्हणजे कुठे चेहरा संपतो आणि कुठे कपडा सुरू होतो ते पटकन कळत नसेल, तर तो कपडा बाद. अंगाच्याच गडदपणाचा कपडा चेहऱ्याला सपाट करतो. गोऱ्या माणसाला बदामी आणि पीच, गव्हाळ माणसाला खाकी आणि फिकट तपकिरी, सावळ्या माणसाला मध्यम राखाडी आणि मातकट तपकिरी यांचा दोष हाच. 'स्किन कलर' म्हणून जे काही विकलं जातं ते अस्तरापुरतं ठीक.

त्यापेक्षा निदान दोन पायऱ्या उजळ किंवा दोन पायऱ्या गडद जा. सावळ्या माणसाने गडद टाळावा हा सल्ला इथेच कोसळतो. त्याने टाळायचा तो मधला. चोख पांढरा, लिंबू, फिकट आकाशी एका बाजूला, आणि मरून, नेव्ही, आमसुली, बाटली हिरवा दुसऱ्या बाजूला, दोन्हीकडे चेहरा वेगळा उठतो. संक्रांतीच्या काळ्या चंद्रकळेवर सावळी बाई छान दिसते ती उगाच नाही. काळा तिच्या त्वचेपेक्षा बराच गडद असतो, आणि शेजारी त्वचेतली सोनेरी किंवा तांबूस झाक उजळून निघते.

केस काळेभोर आणि त्वचा उजळ असेल तर मुळातच फरक मोठा. अशा चेहऱ्याला ठळक जोड्या, मोठी नक्षी, काळ्यावर पांढरं, हे पेलतं. केस, डोळे आणि त्वचा सगळंच गडद असेल तर एकाच रंगाच्या गडद-मध्यम छटा किंवा एकच झळझळीत रंग चांगला. तिथे बारीक फिकट फुलाफुलांचं छापील कापड नुसतं विखुरल्यासारखं दिसतं.

चोखपणासाठी राणी आणि कांदा रंग ही जोडी घ्या. दोन्ही निळसर गुलाबी, एक चोख, एक दबका. राणीत आधी कपडा दिसला आणि चेहरा मागे पडला तर तुम्हाला दबके रंग हवेत: कांदा, पारवा, राखट निळा, विटकरी. कांदा रंगात चेहरा मळकट, धुळीने भरल्यासारखा वाटला आणि राणीत डोळे चमकले तर चोख. आपल्याकडे दुसऱ्या गटात जास्त माणसं सापडतात. परदेशी ब्रँडचे ते धुवट पेस्टल रंग मॉलमध्ये पुतळ्यावर देखणे वाटतात आणि घरी आल्यावर नाराज करतात, त्याचं कारण बरेचदा एवढंच.

दुकानातली नावं आणि त्यांची झाक

पिवळ्यात आंबा आणि हळदी ऊबदार, लिंबू थंड. लालात शेंदरी, टोमॅटो आणि विटकरी ऊबदार, डाळिंबी आणि किरमिजी थंड. मरून दोन्हीकडचा मिळतो, तपकिरीकडे झुकलेला ऊबदार, वाइनकडे झुकलेला थंड. गुलाबीत अबोली, गाजरी आणि पीच एका बाजूला, राणी, कांदा आणि बेबी पिंक दुसऱ्या. हिरव्यात पोपटी, मेंदी आणि शेवाळी ऊबदार, बाटली, पाचू आणि दुकानदार ज्याला 'रामा' म्हणतात तो निळसर हिरवा थंड. निळा मुळातच थंड, तरी मोरपंखी आणि फिरोजी यांत हिरवा असल्याने ते ऊबदार चेहऱ्यालाही चालतात. चिंतामणी, शाईचा निळा आणि नेव्ही अस्सल थंड. जांभळ्यात आमसुली दोघांनाही जमतो.

नावावर विसंबू नका, कारण दोन दुकानांतला 'राणी' एक नसतो. त्याच रंगाचे दोन गठ्ठे शेजारी ठेवायला सांगा. एकटा रंग कुठे झुकलाय ते कळत नाही, जोडीने लगेच कळतं.

उजेडाचा प्रश्न इथे जास्त. मंगलदास मार्केटच्या आतल्या गल्ल्यांत दिवसाही दिवेच असतात. मॉलच्या ट्रायल रूममध्ये पिवळट मंद उजेड असतो आणि त्यात प्रत्येक जण सुंदर दिसतो. "जरा उजेडात बघते" म्हणून कापड दाराशी न्यायला लाजू नका, या बाजारांतले विक्रेते त्याला सरावलेले आहेत. संध्याकाळी सहानंतर महत्त्वाची रंगखरेदी शक्यतो टाळा. फॅशन स्ट्रीटला स्टॉलवरचं रंगीत ताडपत्रीचं छत लक्षात ठेवा. निळ्या ताडपत्रीखाली पांढरा शर्टही निळसर असतो. दोन पावलं बाहेर येऊन बघा.

मॅचिंग ब्लाउजचा घोटाळा तर नेहमीचा. ट्यूबखाली साडी आणि ब्लाउजपीस तंतोतंत जुळतात, बाहेर आल्यावर एक लालसर आणि एक जांभळट. रेशीम आणि सूत वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेलं असतं, त्यामुळे एका उजेडात ते सारखे दिसले तरी दुसऱ्यात फुटतात. साडीचा मोबाइलवरचा फोटो घेऊन मॅचिंगला जाणं म्हणजे फेरी फुकट. साडीच न्या. तुकडा साडीवर सपाट ठेवून आत ट्यूबखाली आणि बाहेर दिवसाच्या उजेडात असं दोनदा बघा. ज्या उजेडात ती साडी नेसणार, त्यातली जुळणी महत्त्वाची. संध्याकाळच्या रिसेप्शनची साडी असेल तर पिवळ्या दिव्याखालीही एकदा बघा. फरक राहणारच असेल तर तसूभर फरकापेक्षा सरळ काठातला विरुद्ध रंग घ्या. जवळपास जुळलेलं पण न जुळलेलं ब्लाउज सगळ्यात वाईट दिसतं.

पैठणी किंवा कुठलंही धूपछाव कापड घेताना ते सपाट बघून चालत नाही. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळे निऱ्यांत एक रंग दिसतो आणि खांद्यावर दुसरा. पदर खांद्यावर चुण्या घालून टाका आणि गळ्याजवळ कुठला रंग वर येतो ते बघा. चेहऱ्याशी गाठ त्याचीच.

न शोभणारा रंग घालावाच लागला तर

नवरात्रीत लोकलच्या लेडीज डब्यात चढलं की दिवसाचा रंग सांगावा लागत नाही. क्रम दर वर्षी बदलतो, पण पिवळा, केशरी, राखाडी, पांढरा यांपैकी एखादा अडतोच. राखाडी ऊबदार झाकेला चेहरा उतरवणारा. त्यांनी तपकिरीकडे झुकलेला उंदरी राखाडी घ्यावा. सावळ्या अंगावर मधला राखाडी सपाट, म्हणून चंदेरी नाहीतर कोळशासारखा गडद. केशरीला थंड छटा नसतेच, तेव्हा थंड झाकेच्या बायकांनी गाजरीकडे झुकलेला केशरी घ्यावा किंवा केशरी सलवार आणि गळ्याशी दुसऱ्या रंगाची ओढणी. पिवळ्यात हिरवट गव्हाळ वर्णाने मोहरीला हात लावू नये. चोख आंबा पिवळा त्याच चेहऱ्यावर पुष्कळ बरा.

तत्त्व एकच: गळ्यापासून छातीपर्यंतची वीतभर जागा आपल्या रंगाची ठेवा, खाली काहीही चालेल. साडीचा रंग जमत नसेल तर ब्लाउज काठातल्या जमणाऱ्या रंगाचं शिवा आणि समोरचा गळा पाच इंचांऐवजी सात इंच घ्या. कपडा आणि हनुवटी यांच्यात जितकी त्वचा, तितकं परावर्तन कमी. कंपनीच्या युनिफॉर्मला गळा बदलता येत नाही, तिथे आपल्या रंगाचा स्कार्फ किंवा मोठे कानातले थोडी भरपाई करतात.

पुरुषांचं काम सोपं, कारण कॉलरपुरताच प्रश्न. फिकट निळा शर्ट बहुतेकांना चालतो. पांढरा की क्रीम एवढं वरच्या परीक्षेने ठरवलं की ऑफिसचं अर्धं कपाट सुटलं. फक्त मुंबईच्या घामात फिकट निळ्या आणि राखाडी सुती शर्टावर काखेत ओला डाग उठतो, तो पांढऱ्यावर आणि नेव्हीवर जवळजवळ दिसत नाही. पाडव्याच्या शोभायात्रेत भगवा फेटा तर कपाळालाच भिडलेला असतो. थंड झाकेच्या माणसाने कुडता शुभ्र पांढरा ठेवला की तो बराच सावरतो.

केस पिकू लागले की पुन्हा पारख करावी. काळे केस पांढरे झाले की चेहऱ्याभोवतालचा फरक उतरतो आणि पूर्वी पेललेला झळझळीत रंग अंगावर येतो. पांढऱ्या केसांना मेंदी लावणाऱ्यांचे केस नारिंगी होतात, आणि त्याशेजारी राणी किंवा जांभळट गुलाबी भांडतो. तिथे विटकरी, मोरपंखी, कोरा हे बरे. उन्हाने रापलेले हात बघून निर्णय घेऊ नका, हात चेहऱ्यापेक्षा गडद असतातच. गालांवर वांग असेल तर शुभ्र पांढरा आणि फार फिकट रंग ते डाग ठळक करतात. मध्यम-गडद रंग त्यावरून नजर काढून घेतात.

निकाल लागला की शोभलेल्या रंगांचे दोन-दोन इंचांचे तुकडे कापून जाड कागदाच्या एका पट्टीवर स्टेपल करा आणि पर्समध्ये ठेवा. आठ पुरेत. धुतल्याने विटणाऱ्या काळ्या सुती कपड्याचा तुकडा त्यात नको, करडा पडला की त्याची झाकच बदलते. ऑनलाइन मागवताना स्क्रीनवरचा रंग अंदाजापुरता धरा. पार्सल रात्री उघडलं तर टॅग तसाच राहू द्या, सकाळी खिडकीपाशी पट्टीशेजारी धरून मगच काढा.